प्यो चेन-संशोधन संस्था

७ ऑक्टोबर, सोमवार

ह्यांची नोकरी शुक्रवारी गेली. म्हणजे कारखानाच व्हिएतनामला गेला आणि नोकरी त्याच्यासोबत. ह्यांना कुणी नेलं नाही. बावीस वर्षं जाकिटांच्या चेन केल्या, त्यातली शेवटची दहा विभागप्रमुख म्हणून. निरोपाला टॉवेलचा सेट दिला. टॉवेल चांगले जाड आहेत. दोन वापरायला काढले, बाकीचे देण्याघेण्याला ठेवले.

घाबरण्यासारखं काही नाही. सरकारचा बेकारभत्ता मिळतो. इतकी वर्षं पगारातून विमा कापला, तेव्हा त्यात उपकार कसले? आपलेच पैसे आपणच रांगेत उभं राहून मागायचे, एवढंच. मी मॅट्रिक आहे. लग्न झाल्यापासून घरचा हिशोब माझ्याकडे आहे आणि तो कधी चुकलेला नाही. फॉर्म भरणं म्हणजे काही डोंगर चढणं नव्हे.

ठरवलं: भत्ता मंजूर होईपर्यंत कुणाला सांगायचं नाही. चर्चमध्ये तर नाहीच. आणि ताईकडे मुळीच नाही. १९ तारखेला तिच्या मुलीचं लग्न आहे. ग्वाक भावजींना कळलं तर त्या दिवशी नवरीकडे कुणी बघणार नाही, सगळे आमच्याकडे बघतील.

ह्यांना तसं बजावलं. हे म्हणाले, बरं.

८ ऑक्टोबर, मंगळवार

रोजगार केंद्रात जाऊन आलो. मी सोबत गेले, कारण हे विचारलं तेवढंच बोलतात. खिडकीमागे योम नावाची मुलगी होती, आमच्या लेकीच्या, दाऊनच्या वयाची. तिने ह्यांना विचारलं, नोकरी का सुटली? हे म्हणाले, कारखाना गेला. ती म्हणाली, ठीक आहे. एवढ्यावर संपलं! शेवटी मीच पुढे झाले आणि नीट सांगायला घेतलं, की बावीस वर्षांत एकदाही उशीर नाही, एकदा तर बर्फात बस बंद पडली तेव्हा हे चालत गेले होते. ती म्हणाली, मावशी, अर्ज काकांचा आहे, तुम्ही तिकडे बसा, तिकडे खुर्च्या मऊ आहेत.

खुर्च्या खरंच मऊ होत्या.

नियम समजावणारा एक व्हिडिओ घरी पाहायचा असतो. संध्याकाळी ह्यांनी पाहिला. मी तेवढ्यात मुळे चिरून घेतले. मला नियम कळतात.

दोन आठवड्यांत मंजुरी, असं योम म्हणाली. मी दहा दिवस धरले आहेत.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

काटकसर सुरू. जमिनीखालच्या नळ्यांत गरम पाणी सोडून घर तापवायचं नाही, पायांत दोन-दोन मोजे. हे म्हणाले, अगं, ऑक्टोबरात कुणीच तापवत नाही. म्हटलं, म्हणूनच आत्तापासून सवय.

आम्ही दोघं चर्चचे डीकन, म्हणजे सेवेकरी; पहाटेच्या प्रार्थनेला आता दोघंही जातो. मी पूर्वीपासून जातेच, तेव्हा तिथली जमीन गरम असते हा मुद्दा नाही. फक्त पूर्वी मी मागे बसायची, हल्ली मधल्या रांगेत बसते, कारण गरम पाण्याच्या नळ्या तिथून जातात. प्रार्थना आपोआप लांबते. आज पाळकसाहेब म्हणाले, डीकनबाई, अलीकडे तुमचा पाय निघत नाही इथून. म्हटलं, प्रभूची ऊब. ते डोळे मिटून आमेन म्हणाले.

हे मात्र भिंतीला टेकून झोपतात. मी ते ध्यान म्हणून धरते.

१४ ऑक्टोबर, सोमवार

ताईचा फोन. लग्नात आपल्या बाजूच्या पुरुषांनी कुठे उभं राहायचं ते सांगत होती. मग म्हणाली, भावजींनी नवीन कार्डं छापलीत, सोनेरी कडेची, व्याह्यांशी ओळख करून देताना बरं पडतं. तुझ्या ह्यांचीही आणायला सांग, विसरतात ते.

फोन ठेवला. कार्ड! तिथे प्रत्येक पुरुष दोन्ही हातांनी कार्ड पुढे करणार आणि आमचे हे दोन्ही हातांनी काय करणार? टॉवेल देणार?

जुनं कार्ड देता येत नाही. त्या पत्त्यावर आता काहीच नाही, आणि दिलं तर ते खोटं होईल. खोटं मी करत नाही.

खूप विचार केला. ह्यांना चेन कळते का? कळते. हे दिवसभर घरात काय करतात? जुन्या पिशव्यांच्या चेन उघडून बघतात. बघणं म्हणजेच संशोधन. संशोधन जिथे चालतं ती संस्था. संस्थेत जो एकटाच असतो तो संचालक. ह्यात एकही शब्द खोटा नाही, एकेक करून तपासला.

छापखान्यात गेले. शंभरला जो भाव, त्यात थोडी भर घातली की पाचशे. शंभर घेणं म्हणजे शुद्ध उधळपट्टी. पाचशे सांगितली.

१६ ऑक्टोबर, बुधवार

कार्डं आली. 'प्यो चेन-संशोधन संस्था. संचालक, प्यो ग्यू-छल.' खाली आमच्या इमारतीचं नाव आणि कार्यालय क्र. ३०४. आमचं घर ३०४च आहे, त्यामुळे तेही खरं.

ह्यांना दाखवलं. हे बराच वेळ कार्डाकडे पाहत राहिले. म्हणाले, ही कोणाची संस्था? म्हटलं, तुमची. म्हणाले, मला कधी कळणार होतं? म्हटलं, आत्ता कळलं ना.

मग म्हणाले, त्या व्हिडिओमध्ये सांगितलं होतं की भत्त्याचा अर्ज असताना धंदा... म्हटलं, हा धंदा नाही, संस्था आहे. हे म्हणाले, बरं.

१९ ऑक्टोबर, शनिवार

लग्न झकास पार पडलं. ग्वाक भावजींनी सोनेरी कडेचं कार्ड पुढे केलं, ह्यांनी आपलं पुढे केलं. भावजींनी वाचलं आणि चष्मा वर सरकवला. म्हणाले, अरे वा, संचालक! आम्ही कारखान्याबद्दल काहीतरी ऐकलं होतं. मी मध्ये पडले. म्हटलं, कारखान्यात किती दिवस राहणार, माणसाने पुढे जावं. भावजी म्हणाले, संशोधन म्हणजे नक्की कशावर? हे म्हणाले, चेन अडकते ती का. भावजी म्हणाले, का अडकते? आणि हे पंधरा मिनिटं बोलले! आयुष्यात पहिल्यांदा. भावजींच्या पँटची चेन निम्मी अडकलेली होती, तीही ह्यांनी खांबाआड नेऊन सोडवली.

ताई म्हणाली, तुझा नवरा किती बदलला गं. मी नम्रपणे हसले.

लग्नात चाळीसएक कार्डं गेली. बाकीच्यांचं काय करायचं?

२१ ऑक्टोबर, सोमवार

पैसे देऊन छापलेली वस्तू खोक्यात ठेवणं मला जमत नाही. बाजाराला जाताना पर्समध्ये घेतली. ड्रायक्लीनर मा, कोबीवाली, टोफूवाली, औषधांचं दुकान, इमारतीचा पहारेकरी. प्रत्येकाने दोन्ही हातांनी घेतलं, वाकून वाचलं. ड्रायक्लीनरला तर एवढा आनंद झाला की त्याने दहा मागून घेतली. म्हणाला, वहिनी, थंडी आली, लोक फुगीर जाकिटं काढतात आणि निम्म्यांच्या चेन अडकलेल्या असतात, माझ्याकडे कुणी धड माणूस नाही.

म्हटलं, संस्था मार्गदर्शन करील.

काल उपासनेनंतर चर्चच्या जेवणघरातही वाटली. मंडळीतले ज्येष्ठ, एल्डर गिल यांच्या पत्नी, ज्यांना सगळे गिलबाई म्हणतात, त्यांनी कार्ड हातात घेऊन माझा हात धरला आणि म्हणाल्या, प्रभू एक दार लावतो तेव्हा दुसरं... आणि डोळे पुसले. दार कुठलं ते कळलं नाही. कांदे चिरत होत्या, त्यामुळे असेल.

२३ ऑक्टोबर, बुधवार

ह्यांची केंद्रात दुसरी भेट. मीही गेले. आज वेळेत निकाल लागेल अशी माझी व्यवस्था होती. हे सही करत असताना मी उठले, पर्स उघडली आणि योमला संस्थेचं कार्ड दिलं. दोन्ही हातांनी, रीतीप्रमाणे. आपण कोणाचा अर्ज हाताळतोय हे त्या मुलीला कळलं पाहिजे. बेकार म्हणून कुणीही येतो, संचालक रोज येत नाहीत.

तिने कार्ड दोन्ही हातांनी घेतलं. वाचलं. मग ह्यांच्याकडे पाहिलं. हे छताकडे पाहत होते. ती म्हणाली, जरा थांबा, आणि कार्ड घेऊन आत गेली.

बराच वेळ लागला. आत वरिष्ठांना दाखवत असणार. बाहेर येऊन फार अदबीने म्हणाली, काका, तुमच्या अर्जाची थोडी पडताळणी करावी लागेल. मी म्हटलं, जरूर करा.

बसमध्ये हे म्हणाले, दाऊनची आई, ते कार्ड द्यायला नको होतं. म्हटलं, तुम्हाला स्वतःची किंमत कळत नाही, हीच तुमची अडचण आहे.

२८ ऑक्टोबर, सोमवार

मंजुरी नाही. दहा दिवस केव्हाच गेले, दोन आठवडेही उलटले. सरकारी कामाचा वेग.

इकडे संस्थेचं काम जोरात. ड्रायक्लीनरने बावीस जाकिटं पाठवली. इमारतीतल्या बायकाही येतात. हे खिडकीपाशी बसतात, मेणबत्ती घासतात, पक्कडीने रनर, म्हणजे वर-खाली सरकतो तो तुकडा, हळूच दाबतात, आणि चेन सरसर वर. प्रत्येक वेळी हे स्वतःशीच हसतात. पैसे घेत नाहीत. मीही घेऊ देत नाही, कारण भत्ता मंजूर व्हायचा आहे, आणि मी नियमांची पक्की आहे.

पण लोक रिकाम्या हाताने येत नाहीत. किमची, म्हणजे कोबीचं तिखट लोणचं, घालायचे दिवस. कोणी कोबी आणतं, कोणी मुळे, कोणी रताळी. पहारेकऱ्याने चार गड्डे आणले, वर बायकोचं जाकीट. नाही म्हणणं वाईट दिसतं. अंगणाकडच्या बाल्कनीत कोबी रचून ठेवलाय, बाल्कनीचं दार आता उघडत नाही.

ह्यांना वाटतं, हे जरा जास्त झालं. म्हटलं, प्रभूने मरुभूमीत आकाशातून मान्ना, रोजचं अन्न, दिलं तेव्हा लोकांनी म्हटलं का, जास्त झालं?

३० ऑक्टोबर, बुधवार

एक गोष्ट सलत होती. चाळीस गड्डे आले. हे उत्पन्न आहे की नाही? आहे. उत्पन्न म्हटलं की दशमांश आला. नोकरी गेली म्हणून मी प्रभूचा दहावा हिस्सा चुकवणार नाही. ह्या बाबतीत माझा हिशोब कुणीही तपासावा.

चार गड्डे निवडून धुतले. फार मोठे नाही, पण घट्ट. पहाटेच्या प्रार्थनेला घेऊन गेले आणि चर्चच्या भांडारात दिले. दशमांशाच्या पाकिटावर देणाऱ्याचं नाव लिहायचं होतं. ह्यांचं लिहावं, तर पगार कुठे आहे? माझं लिहावं, तर मी मिळवलेलं नाही. म्हणून जे मिळवणारं आहे त्याचं लिहिलं: प्यो चेन-संशोधन संस्था.

देवाच्या दारात काटेकोर असावं. मनाला फार शांत वाटलं. मधल्या रांगेत पावणेदोन तास बसले.

३ नोव्हेंबर, रविवार

चर्चच्या आजच्या साप्ताहिक पत्रिकेत, दशमांश देणाऱ्यांच्या यादीत, एल्डर गिल यांच्या बरोबर खाली छापून आलं: प्यो चेन-संशोधन संस्था, कोबी. ग्वाक भावजींचं नाव त्यांच्या चर्चमध्ये असं कधी छापून येत नाही, ते दशमांश देतच नाहीत. पत्रिका फ्रिजवर चुंबकाने लावली. एक कापून ताईला पोस्टाने पाठवणार आहे. तिकीट महाग, पण असो.

दाऊनचा फोन आला. म्हणाली, आई, बाबांचा भत्ता अडकलाय का? म्हटलं, पडताळणी चालू आहे, मोठ्या माणसांची वेगळी होते. मग म्हणाली, आई, तू केंद्रात काही केलंस का? म्हटलं, मी फक्त सौजन्य दाखवलं.

६ नोव्हेंबर, बुधवार

आज केंद्राचा तपासनीस घरी आला.

दार वाजलं. लांब कोटातला माणूस. म्हणाला, कार्यालय क्रमांक तीनशे चार हेच का? मी म्हटलं, हेच, चपला बाहेर. त्याने ओळखपत्र दाखवलं. मला आनंदच झाला, म्हटलं, अखेर मनावर घेतलं. त्याने विचारलं, संचालक आहेत का? मी म्हटलं, बैठकीत आहेत.

हे खरोखर बैठकीत होते. म्हणजे बैठकीच्या खोलीत जमिनीवर, चौदा जाकिटं, तीन पिशव्या आणि एक तंबू ह्यांच्या मध्ये. तोंडात पक्कड होती, त्यामुळे नमस्कार मानेनेच केला.

तपासनीसाने कोबी पाहिला. रताळी पाहिली. मी चहा दिला तेव्हा त्याने फ्रिजवरची पत्रिकाही पाहिली. जवळ जाऊन वाचली. म्हणाला, संस्थेने दशमांश दिला? मी ताठ उभी राहिले. म्हटलं, दिला. पूर्ण. वाटलं तर भांडारात विचारा.

तो म्हणाला, बाई, म्हणजे संस्थेला उत्पन्न आहे.

म्हटलं, कोबी आहे.

तो म्हणाला, मग अर्जात बेकार कसं लिहिलंय?

हे तोंडातली पक्कड काढून म्हणाले, साहेब, तुमच्या कोटाची चेन खालून दुसऱ्या दातापाशी निसटलीय, वर ओढू नका. आणि दोन मिनिटांत नीट करून दिली. तपासनीस कोट वर-खाली करून पाहत राहिला. मग वहीत काहीतरी लिहिलं. जाताना म्हणाला, संस्था आहे की नाही, हे केंद्राला लिहून कळवा. दोन्ही एकदम चालणार नाही.

त्याने काही आणलं नव्हतं. मी पाठवताना दोन गड्डे दिले. घेतले नाहीत. नियमाचा माणूस.

७ नोव्हेंबर, गुरुवार

रात्रभर झोप नाही. संस्था आहे म्हणावं, तर भत्ता गेला. बावीस वर्षांचा विमा, गेला. घरभाडं कशातून द्यायचं, ह्यांच्या गुडघ्याची औषधं कशातून? संस्था नाही म्हणावं, तर मी प्रभूपुढे खोट्या नावाचं पाकीट ठेवलं. तेही छापून! सरकारशी खोटं की देवाशी? सरकारची खिडकी पाचला बंद होते, देवाची होत नाही. ह्याचा विचार केला पाहिजे.

हे म्हणाले, अगं, संस्था नाहीच आहे. जे आहे ते लिहून टाकू. म्हटलं, तुम्हाला सगळं सोपं दिसतं, कारण पाकिटावर तुमचं अक्षर नाही.

दुपारी पाळकसाहेबांकडे गेले. विचारलं, दिलेला दशमांश परत घेता येतो का? ते दचकले. म्हणाले, डीकनबाई, तसा प्रघात नाही, आणि कोबीची तर किमची घालून झाली, मंगळवारी वृद्धाश्रमात गेली. मग फार प्रेमाने म्हणाले, चूक नावात झाली असेल तर नाव दुरुस्त करू, त्यात काय एवढं?

प्रभूचा मार्ग उघडला! पत्रिकेत छापलेलं पत्रिकेतच दुरुस्त करायचं. देवाशीही चोख, आणि तीच छापील दुरुस्ती केंद्रात पुरावा म्हणून. एका पानात दोघांची तोंडं बंद. मॅट्रिकचा उपयोग असा होतो.

लोकांना कळेल, हे खरं. पण भत्त्यासाठी एवढं सोसेन. आणि छोट्या अक्षरात छापतील.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

दिवसभर मजकूर लिहीत होते. सात वेळा लिहिला. पहिला फार लांब झाला, त्यात बर्फात चालत जाण्याचा प्रसंगही आला होता, तो काढला. हे चार वाजता दाराशी आले, हातात फोन, काहीतरी बोलायचं होतं. म्हटलं, मी लिहितेय, मध्ये बोलू नका. पुन्हा जेवताना म्हणाले, केंद्रातून... म्हटलं, केंद्राचंच करतेय, जेवा.

संध्याकाळी मजकूर चर्चच्या कार्यालयात दिला. तिथल्या मुलाने वाचला आणि म्हणाला, नक्की छापू? म्हटलं, ठळक नको.

१० नोव्हेंबर, रविवार

ठळक छापलं. चौकटीत.

'दुरुस्ती. मागील पत्रिकेत उल्लेखलेली प्यो चेन-संशोधन संस्था अस्तित्वात नाही व कधीही नव्हती. बंधू प्यो ग्यू-छल बेकार आहेत. कोबी त्यांचा होता.'

पाळकसाहेबांनी तेवढ्यावर न थांबता घोषणांच्या वेळी मोठ्याने वाचली. चारशे माणसं. मी मधल्या रांगेत. जमीन गरम, कान त्याहून गरम. ह्यांनी पहिल्यांदाच उपासनेत डोळे उघडे ठेवले होते.

जेवणघरात तोंड लपवायला भांड्यांमागे उभी राहिले, पण गिलबाईंनी गाठलंच. म्हणाल्या, डीकनबाई, फार वाईट वाटलं हो. म्हटलं, काय करणार, नोकरीच गेली. त्या म्हणाल्या, नोकरी गेल्याचं आम्हाला माहीतच होतं, तुमच्या ह्यांनी, डीकन प्योंनी, पहिल्याच रविवारी पुरुषांच्या नाश्त्यात सांगितलं, आम्ही रोज प्रार्थना करत होतो. वाईट संस्थेचं वाटलं. किती छान चालली होती!

मग एकेक करून सगळे आले. एल्डर गिल म्हणाले, महिनाभरात बंद पडली, बाजारच वाईट आहे. कोणी विचारलं, तोटा किती झाला? एका आजीने माझ्या हातात शिजवलेल्या नूडल्सचा डबा ठेवला आणि म्हणाली, सुरुवातीला सगळ्यांच्याच कंपन्या बुडतात गं. मी सांगत होते की कंपनी नव्हतीच. त्या सगळ्या मान हलवत होत्या, दुःखात माणूस असंच बोलतं म्हणून.

हे कोपऱ्यात दोन तरुणांच्या पाठपिशव्यांच्या चेन बघत होते. जेवण तीनदा घेतलं.

११ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी नऊला केंद्रात. पत्रिका प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून नेली, डाग नको म्हणून. आज मऊ खुर्चीवर बसले नाही, थेट खिडकीपाशी उभी राहिले आणि दोन्ही हातांनी पत्रिका पुढे केली.

योमने वाचली. चौकट दोनदा वाचली. खालचा ओठ दातांत धरला होता तिने. मग विचारलं, मावशी, हे किती लोकांना वाटलं? म्हटलं, चारशे प्रती. आणि वाचूनही दाखवलं.

ती म्हणाली, मावशी, काकांचा अर्ज शुक्रवारी दुपारीच मंजूर झाला.

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे म्हणाले, मी सांगत होतो.

योमने पडदा वळवून दाखवलं. गुरुवारी, मी पाळकसाहेबांकडे गेले होते तेव्हा, ह्यांनी फोनवरून एक ओळ पाठवली होती: 'संस्था नाही. कार्डं बायकोने छापली. चेन फुकट नीट करतो, शेजारी कोबी देतात.' एवढंच. तपासनीसानेही अहवालात लिहिलं होतं की शेजाऱ्यांचा कोबी हे उत्पन्न नव्हे, आणि माणूस प्रामाणिक आहे. कोटाबद्दल काही लिहिलेलं नाही.

म्हणजे भत्ता मंजूर आहे. शुक्रवारपासून आहे. रविवारी चौकटीत बेकार छापून आलं तेव्हा आम्ही रीतसर, मंजूर, सरकारमान्य बेकार होतो.

बसमध्ये बसल्यावर पत्रिका पर्समध्ये घातली. मग मीच म्हटलं, पुढच्या रविवारच्या पत्रिकेत आभार द्यायला हवेत. लहानसेच. मंजुरीबद्दल. लोकांना कंपनी बुडाल्यासारखं वाटतंय, ते तरी निघेल.

हे खिडकीबाहेर पाहत होते. तसंच पाहत म्हणाले, दाऊनची आई, आता काही छापायचं असेल तर आधी मला विचार.

आवाज चढवला नाही. पण हे मला असं कधी बोलले नव्हते.

म्हटलं, बरं.

संकल्प: ह्यांना विचारणे. कशाकशाबद्दल विचारायचं, ते मी ठरवीन.